पस्तीस स्क्वेअरची वायर आणि कानबाईचं दळण

वायर किती जाड असावी, हा प्रश्न माणसाला आयुष्यात एकदा तरी पडावा. पण शक्यतो श्रावणात पडू नये.

मला तो श्रावणातच पडला. जळगावच्या पिंप्राळ्यातल्या घरात मी एकटा राहतो. वडील गेल्यावर आई सुरतेला बहिणीकडे गेली आणि माझ्या वाट्याला दोन खोल्या, वडिलांची जुनी व्हॅन आणि भौतिकशास्त्रातली एमएस्सी एवढं उरलं. दिवसा मी पाणी तपासणीच्या प्रयोगशाळेत असतो. तिथे विहिरींचं आणि बोअरचं पाणी बाटल्यांत भरून माझ्यासमोर रांगेत उभं असतं. बाटल्या स्वभावाने शांत असतात. संध्याकाळी घरी फोन वाजतो तो कर्ज हवंय का असं विचारणाऱ्या एका मुलीचा. तिच्याशी एकदा मी इतका वेळ बोललो, की शेवटी तिनेच कामाचं निमित्त काढून फोन ठेवला.

त्यामुळे गावाहून कोकिळाकाकूचा फोन आला तेव्हा मी उभाच राहिलो. गावाकडून मला फोन येतात, पण ते ऑनलाइन अर्ज भरायचा असला की. काकूने अर्जाचं नावही काढलं नाही.

"योगेंद्र, रविवारले रोट शेत. येस का?"

"येतो ना, काकू."

"ये मंग. लाईटनं काही खरं नही भो. डीपी जळी गयी, चक्की बी बंद. पाहू कसं व्हस ते."

ज्यांच्याकडे कानबाई बसत नाही त्यांच्यासाठी सांगतो. नागपंचमीनंतरच्या रविवारी आमच्याकडे खानदेशात कानबाई देवी बसते. त्यासाठी घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने, अगदी पाळण्यातल्या सुद्धा, सव्वा मूठ गहू काढतात आणि ते दळून त्याचे रोट, म्हणजे जाड पोळ्या, करतात. दळण साधंसुधं नसतं. चक्कीवाल्याला आधी सांगावं लागतं, मग तो चक्की धुऊन पुसून ठेवतो आणि त्यावर दुसऱ्या कशाचाही दाणा पडू देत नाही. ते रोट फक्त भाऊबंदांनी खायचे. बाहेरच्याला तुकडाही नाही आणि पौर्णिमेच्या आत संपलेच पाहिजेत. थोडक्यात, कुटुंबात कोण आहे आणि कोण नाही याची ही वार्षिक मोजणी असते. आमच्या शाखेची आता एकच मूठ उरली आहे. मी बरीच वर्षं गेलो नव्हतो, त्यामुळे तीही कुणी काढत असेल की नाही, याबद्दल मला शंका होती. ती विचारायची कशी, हे एमएस्सीत शिकवत नाहीत.

तर, डीपी म्हणजे गावचा ट्रान्सफॉर्मर जळाला, चक्की बंद. काकूने बातमी दिली होती. मी हाक ऐकली.

"काकू, आपल्या प्रेमराजने घरघंटी घेतलीये ना? मी गाडीत इन्व्हर्टर बसवून आणतो. गाडीवर घरघंटी चालवू."

"गाडीवर?"

"हो. माझा विषयच आहे तो."

"मंग आन भो," काकू म्हणाली.

त्या तीन शब्दांवर मी पुढचे सगळे दिवस काढले.

आता विषय समजून घ्या. मी थोडक्यात सांगतो, लोक म्हणतात तेवढा लांबवत नाही. घरघंटीची मोटर एक हॉर्सपॉवरची. घरातल्या विजेवर ती तीन-चार अँपिअर घेते, साधी वायर पुरते. पण गाडीची बॅटरी बारा व्होल्टची. व्होल्टेज जवळजवळ वीसपट कमी, म्हणून तेवढीच शक्ती काढायची तर बॅटरीपासून इन्व्हर्टरपर्यंतच्या वायरीतून करंट वीसपट जायला हवा. म्हणजे सत्तर-ऐंशी अँपिअर. शिवाय मोटर सुरू होताना क्षणभर त्याच्या कितीतरी पट मागते, पहिल्या पंगतीला बसलेल्या व्याह्यासारखी. त्या क्षणी वायर बारीक असली की व्होल्टेज वायरीतच खर्च होतं, इन्व्हर्टर रुसतो आणि वायर तापते. म्हणून वायर जाड हवी आणि आखूड हवी. एवढंच. पण हे 'एवढंच' जळगाव शहरात कुणालाही पटवून दाखवा.

रतिलालशेठच्या इलेक्ट्रिकच्या दुकानात मी आकडेमोड केलेला कागद घेऊन गेलो. शेठनी कागदाकडे पाहिलं नाही.

"सहा स्क्वेअर न्या. सगळे तीच नेतात."

"सगळे म्हणजे कोण?"

"सगळे."

"पण ती तापेल."

"तापली की बंद करायचं. थंड झाली की चालू करायचं."

मी त्यांना सांगितलं, की सहा स्क्वेअर मिलिमीटरच्या वायरीत जाऊन येऊन जवळजवळ पाऊण व्होल्ट वाया जाईल. शेठ म्हणाले, "पाऊण व्होल्टसाठी एवढा जीव कशाला जाळता? सोडून द्या." गिऱ्हाइकाने घासाघीस केल्यावर ते जसं म्हणतात, अगदी त्याच आवाजात.

मी पस्तीस स्क्वेअरची मागितली. दुकानातली दोन गिऱ्हाइकं आपापला बल्ब हातात धरून माझ्याकडे वळली.

"वेल्डिंगचं काम काढलंय का?"

"नाही. घरघंटी."

"घरघंटीला वेल्डिंग केबल?" शेठनी चष्मा काढला. "घरघंटीत काय लोखंड दळता?"

दुकानभर हसू पसरलं. मी ताठ मानेने वायर, दोन्ही टोकांना दाबून बसवायच्या तांब्याच्या टोप्या आणि एक दणकट फ्यूज घेतला. इन्व्हर्टर आणि दोन जादा बॅटऱ्या ट्रकचं सामान विकणाऱ्याकडून आणल्या. शेठनी पावतीवर तपशिलाच्या जागी फक्त 'सामान' असं लिहिलं. तेव्हा मला त्यात काही वावगं दिसलं नाही.

घरासमोर व्हॅनची मागची सीट काढून मी काम सुरू केलं आणि एक नवलच घडलं. शेजारी आले. या कॉलनीत मी तीन वर्षं एकटा राहतो, त्या तीन वर्षांत माझ्याशी जेवढे शब्द बोलले गेले नसतील तेवढे एका संध्याकाळी बोलले गेले. समोरचे भिकमचंदकाका तर घरून खुर्ची घेऊन आले. त्यांचं आयुष्य कापडाच्या गादीवर गेलेलं. त्यांनी वायरीचं टोक अंगठा आणि तर्जनीत धरून चोळलं, वाकवलं, उजेडात नेलं.

"पोत चांगला आहे," ते म्हणाले. "सूत बारीक, धागे जास्त. पण भैया, लांब घ्यायची होती. कापड आणि तार कधी मापात घेऊ नये. नंतर आटते."

"काका, वायर आटत नाही. उलट जेवढी आखूड तेवढी चांगली."

"आमच्या धंद्यात आखूड म्हणजे गिऱ्हाईक गेलं," काका म्हणाले आणि खुर्ची आणखी जवळ सरकवून बसले.

वरच्या मजल्यावरच्या सुनंदाबाईंनी गॅलरीतूनच विचारलं, "गाडी पेटणार नाही ना?" मी फ्यूज दाखवला. तो बॅटरीच्या अगदी जवळ का बसवायचा, तेही सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. "आमच्या भाच्याची अशीच पेटली होती," त्या म्हणाल्या. "तोही असंच सगळं समजावून सांगायचा. तुम्ही करा, पण आमच्या खिडकीखाली नको."

मी गाडी दोन वीत पुढे घेतली. काकांनी खुर्ची दोन वीत पुढे घेतली. खरं सांगायचं तर काम एका संध्याकाळचं होतं. दुसऱ्या संध्याकाळी मी सगळे नट पुन्हा उघडून पुन्हा आवळले. काका म्हणाले, "काल तर आवळले होते." मी म्हणालो, "विज्ञानात खात्री दोनदा करतात." तिसऱ्या संध्याकाळी खात्री करायला काहीच उरलं नव्हतं, म्हणून मी वायरी पुसल्या.

शनिवारी पहाटे निघालो. एरंडोल गेलं, पारोळा मागे पडलं, आणि धुळ्याकडे जाताना एका नाक्यावर हवालदाराने हात दाखवला. त्याने मागचं दार उघडलं. आत दोन बॅटऱ्या, एक पेटी आणि अंगठ्याएवढी जाड काळी केबल.

"कुठली डीपी फोडली?"

सांगायला वाईट वाटतं, पण त्या भागात केबलचोरांचा सुळसुळाट होता, आणि मी ज्या गावी निघालो होतो तिथली डीपी नुकतीच गेली होती. ही माहिती मीच त्याला उत्साहाने पुरवली. तो अधिकच गंभीर झाला.

"पावती?"

मी दिली. त्याने मोठ्याने वाचलं, "सामान." मग माझ्याकडे पाहिलं. "कसलं सामान?"

तेव्हा मी त्याला रस्त्याच्या कडेला ओहमचा नियम सांगितला. चोराला ओहमचा नियम येत नाही, असा माझा अंदाज होता. त्याने मध्येच थांबवून विचारलं, "म्हणजे यावर मोबाईल चार्ज होतो का?" मी हो म्हणालो. त्याचा मोबाईल लावला. मग नाक्यावरच्या दुसऱ्या शिपायाचा. मग चहावाल्याचा. ज्या यंत्रणेतून मी एक हॉर्सपॉवरची मोटर चालवणार होतो, तिचं उद्घाटन असं झालं. सगळे मोबाईल भरेपर्यंत आम्ही चहा घेतला. "एकटेच चाललात?" हवालदाराने विचारलं. "तिथे सगळे आहेत," मी म्हणालो, आणि ते वाक्य मला फार आवडलं.

वाटेत तालुक्याच्या वीज कार्यालयातही डोकावलो. डीपी कधी बदलणार, एवढंच विचारायचं होतं. बाबूंनी माझा ग्राहक क्रमांक मागितला. मी म्हणालो, मी ग्राहक नाही, पाहुणा आहे. "पाहुण्यांची तक्रार घेत नाही," ते म्हणाले. मी म्हणालो, मी पाहुणाही नाही, घरचाच आहे. "मग ग्राहक क्रमांक द्या." घरचा असल्याचा माझ्याकडे तेवढा एकच पुरावा मागितला गेला आणि तो नेमका माझ्याकडे नव्हता.

गावात व्हॅन काकूच्या अंगणात उभी राहिली, तशी गल्ली जमा झाली. प्रेमराज काकूचा मुलगा, माझा चुलतभाऊ, माझ्याहून दोनेक वर्षांनी मोठा. त्याने आणि मी मिळून घरघंटी उचलून व्हॅनच्या दाराशी आणली. मी इंजिन सुरू ठेवलं, जोडणी तपासली आणि बटण दाबलं.

घरघंटी सुरू झाली. आचका नाही, कुरकुर नाही. मी मीटर लावून पाहिलं. वायरीत व्होल्टेज जवळजवळ पडलंच नव्हतं. माझ्या डोळ्यांत पाणी यायचं बाकी होतं.

"हात लावून बघा," मी सगळ्यांना म्हणालो. "वायर गार आहे!"

लोकांनी एकेक करून हात लावला. गार होती. एक म्हातारे आबा निराश होऊन म्हणाले, "यामा तं काहीच व्हत नही." मी त्यांना सांगितलं, की चांगल्या वायरीचं लक्षण हेच, की तिच्यात काहीच होत नाही. आबांनी मान हलवली आणि ओट्यावर जाऊन बसले. गल्लीही पांगली. काहीतरी होईल म्हणून ती आली होती.

"आते तू आंघोळ करी ये," काकू म्हणाली. "रोटनं दळन शे. दळनारनं आंग धोयेल पाहिजे."

हा नियम मला मान्य होता. प्रयोगशाळेतही आम्ही हात धुतो. मी आत गेलो. अंगावर पाणी घेताना बाहेरून बादलीचा आवाज आला. काकू घरघंटी पुसत असेल, असं मला वाटलं. तिचे दगड ओल्या फडक्याने पुसायचे, मोटरला पाणी लावायचं नाही, असं मी तिला बजावलं होतं आणि तिने ते तंतोतंत पाळलं.

मी बाहेर आलो तेव्हा घरघंटी कोरडी ठणठणीत होती. इन्व्हर्टरमधून मात्र पाणी ठिबकत होतं.

"काकू, हे काय?"

"चक्की धुतस ना आपन? मंग हाई चक्की कशावर चालस? या पेटीवर. पेटीमा लाईट कोठून येस? त्या बॅटरीमधून. मंग त्या बी धुवाले नको का?" तिने तांब्या दाखवला. "गोमूत्र बी शिंपडं. वायरले बी."

तर्कात एकही चूक नव्हती. दळणाची यंत्रणा कुठून सुरू होते, हा प्रश्न तिने माझ्यापेक्षा काटेकोरपणे सोडवला होता. मी मोटरपाशी थांबलो होतो. ती बॅटरीपर्यंत गेली होती. इंजिनवर कुंकवाचं बोट होतं, म्हणजे तिथवरही ती पोचली होती.

गोमूत्रात क्षार भरपूर असतात. क्षाराच्या पाण्यातून वीज छान वाहते. हे मी रोज मोजतो, त्यासाठीच मला पगार मिळतो. मी "थांबा" म्हणायला तोंड उघडलं, तेवढ्यात प्रेमराजने मदत म्हणून बटण दाबलं.

फट्ट, एवढाच आवाज झाला. मग जरासा धूर आला आणि एक वास, ज्यात विज्ञान आणि धर्म समान प्रमाणात होते.

ओट्यावरचे आबा उठून उभे राहिले. "आते व्हयनं काहीतरी," ते समाधानाने म्हणाले.

मी तपासलं. फ्यूज शाबूत. वायर गार. टोकं घट्ट. इन्व्हर्टर गेला. सगळ्या आकडेमोडीत जे जे मी निवडलं होतं ते ते उत्तम होतं, ही गोष्ट मी तिथे तीन वेगवेगळ्या लोकांना सांगितली. कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं.

"चाल मंग," प्रेमराज माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला. "गहू गाडीत टाकू. शेजारच्या गावात लाईट आहे, झिपरूभाऊने सकाळीच चक्की धुऊन ठेवलीये."

"सकाळीच?" मी विचारलं. "मग हे सगळं मी... मला सांगितलं का नाही?"

उत्तर काकूने दिलं. "तू फोनवर इतला खूश व्हयना, की नही कसं म्हनू? मनमा म्हनं, त्या निमित्ते तरी येवू दे पोऱ्याले."

मी गाडी सुरू केली. गव्हाचं पातेलं मांडीवर घेऊन काकू पुढे बसली, प्रेमराज मागे मेलेल्या इन्व्हर्टरशेजारी. रस्ता इतका थोडा होता, की गाडीला चौथा गिअरही लागला नाही.

झिपरूभाऊंची चक्की खरोखरच लखलखीत होती. मी काकूच्या हातातलं पातेलं घ्यायला पुढे झालो, तर झिपरूभाऊंनी मला हाताने अडवलं. माझी पॅण्ट, माझ्या खिशातला टेस्टर, माझ्या हातातली गाडीची किल्ली त्यांनी पाहिली होती.

"ड्रायव्हरभाऊ, तुम्ही ऱ्हाऊ द्या. रोटना गहू शेत. घरनाच मानूस लागस."

मी मागे झालो. किल्ली खिशात टाकली. त्यांचं चुकलं होतं असंही नाही. मी जळगावहून आलो होतो, गाडी चालवली होती, आणि आजच्या दिवसातलं माझं तेवढंच काम नीट झालं होतं.

"ड्रायव्हर कशाना?" काकू म्हणाली. ती माझ्याकडे बघतसुद्धा नव्हती, पदर खोचत होती. "मना पुतन्या शे. त्यानी बी मूठ शे यामा. दरसाल ऱ्हास. धर रे योगेंद्र, पातेलं धर."

मी धरलं. "मी येत नव्हतो तेव्हासुद्धा?"

"तू उनास नही म्हनीसन काय मूठ सोडतस का?"

"मग माझे रोट कोण खायचं?"

"प्रेमराज. म्हनीसन तं त्यानं पोट असं व्हयनं," काकू म्हणाली, आणि झिपरूभाऊंनी पट्टा चढवला. चक्कीच्या आवाजात माणसाला गप्प राहायची चांगली सोय असते.

सोमवारी कानबाईला नदीवर पोचवून मी निघालो, तेव्हा काकूने माझ्या वाट्याचे रोट कापडात बांधून दिले. यंदा प्रेमराजला सवलत. चांगले जाड, खरपूस रोट. "पुनीवना आधी खपाडजो. आनि कोनले देवानं नही," तिने पुन्हा बजावलं.

आणि मग माझ्या लक्षात आलं, की मोजणीत असण्याची ही दुसरी बाजू आहे. जळगावात आमच्या भाऊबंदांपैकी कुणीही नाही. मी घरी आलो, गाठोडं उघडलं, खोलीभर वास सुटला, आणि दारात भिकमचंदकाका उभे. खुर्ची सोबत होती.

"काय भैया, आटली का वायर?"

मी त्यांना सगळं सांगितलं. ते मनापासून हसले, आणि मला बरं वाटलं. मग त्यांची नजर कापडाकडे गेली. काका जैन, सूर्यास्तानंतर खात नाहीत. "अजून दिवस आहे. सूर्य मावळायच्या आत एखादा घास चाखू दे की."

मी त्यांना नियम सांगितला. सांगताना मला जेवढी लाज वाटली, तेवढी रतिलालशेठच्या दुकानातही वाटली नव्हती. काका समजूतदार माणूस. "आमच्यातही असतं असं काही काही," म्हणाले आणि खुर्ची उचलून गेले. व्हॅनची मागची सीट मी परत बसवली होती. त्यांना बसून पाहण्यासारखं आता काहीच नव्हतं.

मी दार लोटून घेतलं आणि एकट्याने रोट खाल्ला. माझ्या गणतीतला, माझ्या हक्काचा. घशाखाली उतरायला जरा वेळ लागला. त्यात तूप घालायचं असतं, हे मला माहीत नव्हतं.

तेवढ्यात फोन वाजला. काकू.

"खादा का? कितला ऱ्हायनात?"

मी मोजून सांगितलं. "तूप लाव रे," ती म्हणाली. मग प्रेमराजचं बाळ रडतंय, आबा अजून त्या धुराबद्दल गल्लीभर सांगत फिरतात, डीपी काही आली नाही, असं बरंच. दुसऱ्या दिवशी त्याच सुमाराला पुन्हा फोन. "कितला ऱ्हायनात?" रोट संपेपर्यंत विचारणं हे तिचं काम असावं, संपल्यावर ते काम संपणार, हे उघड होतं. मी कर्जवाल्या मुलीचा फोन न घेता तिच्या फोनची वाट पाहू लागलो.

प्रयोगशाळेत मी आजवर एकाही बाटलीचा आकडा इकडचा तिकडे केलेला नाही. लोक गयावया करतात, सरपंच येऊन बसतात, तरी नाही. पौर्णिमा उद्या आहे. आज दुपारी शेवटचा रोट तूप लावून खाल्ला, कापड धुऊन दोरीवर टाकलं.

संध्याकाळी फोन आला. "कितला ऱ्हायनात रे?"

"दोन," मी म्हणालो.

"अरे देवा! खाय लवकर. मी उद्या सकाळले फोन करस."